अणुभट्टीतला कचरा शेवटी जातो कुठे? तारापूरच्या काचेपासून फिनलंडच्या खडकापर्यंत

२८ ऑक्टोबर १९६९. पालघर जिल्ह्यातल्या (तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या) तारापूरच्या दोन अणुभट्ट्यांमधून व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. भारतातलं हे पहिलं अणुऊर्जा केंद्र. त्या विजेवर मुंबई-गुजरातमधले कारखाने चालले, घरांतले दिवे लागले. ती वीज केव्हाच वापरून संपली. पण ती तयार करताना भट्टीत जळालेलं बहुतांश इंधन आजही तारापूरच्या आवारातच, कडेकोट बंदोबस्तात ठेवलेलं आहे.

तारापूर याला अपवाद नाही. जगभरातल्या अणुभट्ट्यांमधून आजवर सुमारे ४ लाख टन वापरलेलं इंधन बाहेर काढलं गेलं आहे. त्यातल्या साधारण एक तृतीयांश इंधनावर पुनर्प्रक्रिया झाली. उरलेलं बहुतेक इंधन अणुऊर्जा केंद्रांच्या आवारात हौदांमध्ये किंवा जाड भिंतींच्या पिंपांमध्ये पडून आहे. म्हणजे अणुवीज तयार करायला लागून सत्तर वर्षं झाली, तरी तिच्या कचऱ्याचा शेवटचा पत्ता बहुतेक देशांकडे अजून नाही.

भारताने २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज क्षमतेचं उद्दिष्ट २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलं. रत्नागिरीतल्या जैतापूरला ९,९०० मेगावॅटचा प्रकल्प अनेक वर्षं प्रस्तावित आहे. त्यामुळे हा कचरा नेमका असतो काय, त्याचं केलं जातं काय आणि शेवटी तो ठेवायचा कुठे, हे समजून घेणं गरजेचं आहे.

किरणोत्सारी कचरा म्हणजे नक्की काय?

अणुकचरा म्हटलं की चित्रपटांत दिसणारा हिरवा चमकणारा द्रव डोळ्यासमोर येतो. प्रत्यक्षात यातला बराचसा कचरा अगदी साधा दिसतो. कामगारांचे हातमोजे, पुसायची फडकी, गाळण्या, जुने पाइप आणि व्हॉल्व्ह, रुग्णालयातल्या सुया आणि बाटल्या. त्यांना किरणोत्सारी पदार्थ लागलेला असतो, म्हणून त्या वस्तू नेहमीच्या कचऱ्यात टाकता येत नाहीत.

या कचऱ्याचे ढोबळमानाने तीन प्रकार केले जातात: कमी, मध्यम आणि उच्च पातळीचा. वर्ल्ड न्यूक्लिअर असोसिएशन या उद्योगसंस्थेच्या आकडेवारीनुसार, आकारमानाने पाहिलं तर जवळपास ९० टक्के कचरा कमी पातळीचा असतो, पण एकूण किरणोत्सारात त्याचा वाटा १ टक्काच असतो. उच्च पातळीचा कचरा आकारमानाने फक्त ३ टक्के, पण ९५ टक्के किरणोत्सार त्यात कोंडलेला असतो.

खरी डोकेदुखी आहे ती या ३ टक्क्यांची. वापरलेलं इंधन आणि त्यावर पुनर्प्रक्रिया केल्यावर उरणारा तीव्र द्रव, हा तो उच्च पातळीचा कचरा.

कमी आणि मध्यम पातळीच्या कचऱ्याची वाट बऱ्याच अंशी ठरलेली आहे. भारतात तो दाबून, जाळून किंवा सिमेंटमध्ये मिसळून घट्ट केला जातो आणि अणुऊर्जा केंद्रांच्या आवारातच काँक्रीटच्या चरांमध्ये किंवा जमिनीत उभ्या बसवलेल्या नळकांड्यांसारख्या विहिरींमध्ये ठेवला जातो. आजूबाजूच्या भूजलाचे नमुने नियमित तपासले जातात.

हा कचरा किती असतो?

१,००० मेगावॅटची हलक्या पाण्यावर चालणारी अणुभट्टी वर्षाला साधारण २५ ते ३० टन वापरलेलं इंधन बाहेर टाकते. युरेनियम प्रचंड जड असल्यामुळे एवढ्या इंधनाला जागा फार लागत नाही. तेवढीच वीज कोळशावर तयार केली तर वर्षाला लाखो टन राख निघते. कोराडी किंवा चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रांबाहेरचे राखेचे तलाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा फरक लगेच कळेल.

म्हणजे अणुकचऱ्यात अडचण ढिगाच्या आकाराची नाही. अडचण दोन गोष्टींची आहे: तो किती तीव्र आहे आणि किती काळ तसा राहणार आहे.

भट्टीतून नुकतंच काढलेलं इंधन इतकं किरणोत्सारी असतं की कसल्याही आडोशाशिवाय त्याच्याजवळ काही मिनिटं उभं राहणंही जिवावर बेतू शकतं. शिवाय भट्टी बंद झाली तरी ते स्वतःहून उष्णता सोडत राहतं. म्हणून ते आधी खोल हौदात, पाण्याखाली बुडवून ठेवतात. पाणी त्याला थंड ठेवतं आणि किरणंही अडवतं. काही वर्षांनी उष्णता कमी झाली की ते पोलाद-काँक्रीटच्या कोरड्या पिंपांमध्ये हलवता येतं.

‘हजारो वर्षं’ म्हणजे किती?

किरणोत्सारी पदार्थ आपोआप क्षीण होत जातो. त्याचा निम्मा भाग नष्ट व्हायला जेवढा काळ लागतो, त्याला अर्धायुष्य म्हणतात. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवस आहे, त्यामुळे काही महिन्यांत तो जवळपास संपतो. सिझियम-१३७ चं ३० वर्षं. प्लुटोनियम-२३९ चं सुमारे २४,१०० वर्षं. आणि आयोडीन-१२९ चं तर दीड कोटी वर्षांहून जास्त.

दहा अर्धायुष्यं उलटली की मूळ पदार्थाचा साधारण हजारावा भाग उरतो, असा सोपा हिशोब आहे. सिझियमसाठी हा काळ ३०० वर्षांचा. पहिल्या बाजीराव पेशव्यापासून आजपर्यंतचा काळ जवळपास तेवढाच. एखादी वास्तू एवढा काळ सांभाळणं माणसाच्या आवाक्यातलं आहे.

प्लुटोनियमचा हिशोब मात्र २ लाख ४० हजार वर्षांवर जातो. अजिंठ्याची सगळ्यात जुनी लेणी सुमारे २,२०० वर्षांपूर्वीची आहेत. आधुनिक मानवाचा इतिहासच साधारण ३ लाख वर्षांचा मानला जातो. त्यामुळे ‘सरकार पहारा ठेवेल’ हे उत्तर इथे चालत नाही, कारण इतका काळ टिकलेलं सरकार, राज्य किंवा भाषा जगात एकही नाही.

समुद्रात किंवा अवकाशात का टाकत नाहीत?

समुद्रात टाकून झालं आहे. १९४६ पासून अनेक देशांनी किरणोत्सारी कचऱ्याची पिंपं समुद्रात बुडवली. १९७२ च्या लंडन करारानं उच्च पातळीच्या कचऱ्यावर बंदी आली आणि १९९३ मध्ये सर्व प्रकारचा किरणोत्सारी कचरा समुद्रात टाकण्यावर बंदी घालायचं ठरलं. समुद्र कुणा एकाचा नाही, पिंप फुटलं तर ते परत काढता येत नाही आणि मासे काही सरहद्द पाळत नाहीत.

अवकाशात पाठवण्याचा विचारही झाला होता. पण रॉकेट उड्डाणात अपयशी ठरतात. त्यातलं एक जरी वातावरणात फुटलं तर तो कचरा सगळ्यांच्या डोक्यावर पडेल. शिवाय हजारो टन जड इंधन वर नेण्याचा खर्च कुणालाच परवडणारा नाही.

नुसतं टाकीत भरून ठेवलं तर? याचं उत्तर सोव्हिएत रशियातल्या मायाकमध्ये मिळालं. २९ सप्टेंबर १९५७ रोजी तिथल्या तीव्र द्रव कचऱ्याच्या एका टाकीची थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली आणि टाकीचा स्फोट झाला. हजारो लोकांना गावं सोडावी लागली. सोव्हिएत सरकारनं ही दुर्घटना अधिकृतपणे मान्य केली ती थेट १९८९ मध्ये. द्रव कचरा फार काळ द्रव ठेवायचा नाही, हा धडा तेव्हापासून पक्का झाला.

तारापूरमध्ये कचऱ्याची काच कशी होते?

वापरलेल्या इंधनाकडे बघण्याच्या दोन पद्धती आहेत. अमेरिका, फिनलंड आणि स्वीडन हे देश ते सरळ कचरा मानतात. भारत आणि फ्रान्ससारखे देश त्याला खाण समजतात. कारण हलक्या पाण्याच्या भट्टीतून निघालेल्या इंधनात सुमारे ९५ टक्के युरेनियम तसंच असतं आणि १ टक्का नवं तयार झालेलं प्लुटोनियम असतं. ते वेगळं काढून पुन्हा इंधन म्हणून वापरता येतं. उरलेले ३-४ टक्के पदार्थ म्हणजे खरा कचरा.

भारतानं पुनर्प्रक्रियेचा पहिला कारखाना १९६४ मध्ये मुंबईत तुर्भे (ट्रॉम्बे) इथे सुरू केला. पुढे तारापूर आणि कल्पाक्कमलाही असे कारखाने उभे राहिले.

मग तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांचं इंधन तसंच का पडून राहिलं? कारण त्या भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकनं बांधल्या होत्या आणि १९६३ च्या करारानुसार त्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करायला अमेरिकेची संमती लागत होती. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर संबंध बिघडले. अमेरिकेनं संमतीही दिली नाही आणि इंधन परतही नेलं नाही. कचऱ्याचा प्रश्न हा फक्त विज्ञानाचा नसतो, तो परराष्ट्र धोरणाचाही असतो, हे तारापूरनं तेव्हाच दाखवून दिलं.

भारताच्या इतर भट्ट्यांच्या इंधनावर पुनर्प्रक्रिया झाल्यावर जो तीव्र आम्लयुक्त द्रव उरतो, त्याची काच केली जाते. तारापूरला १९८५ मध्ये यासाठीचा देशातला पहिला कारखाना सुरू झाला. नंतर तुर्भे आणि कल्पाक्कमलाही ते काम सुरू झालं.

ही प्रक्रिया थोडक्यात अशी. द्रव कचऱ्यात काच बनवणारे पदार्थ मिसळतात. जाड भिंतींच्या बंद कक्षात, दूरनियंत्रित यंत्रांच्या मदतीनं हे मिश्रण सुमारे १,००० अंश सेल्सियसला वितळवतात. तयार होते बोरोसिलिकेट काच. प्रयोगशाळेतली चंचुपात्रं आणि ओव्हनमध्ये चालणारी काचेची भांडी याच जातीच्या काचेची असतात. ती गरम असतानाच स्टेनलेस स्टीलच्या डब्यात ओततात आणि डबा वेल्डिंग करून बंद करतात.

इथे काच हे कचरा भरायचं भांडं नसतं. किरणोत्सारी अणू काचेच्या घडणीतच अडकून बसतात. काच फुटली तरी तुकडे होतील, पण द्रव गळणार नाही की पूड उडणार नाही. पाण्यात ती विरघळते, पण अतिशय सावकाश.

हे डबे मग तारापूरच्याच खास साठवण केंद्रात ठेवले जातात. तिथे ते थंड ठेवायला पंखे किंवा पंप लागत नाहीत. गरम हवा उंच धुराड्यातून वर जाते आणि खालून थंड हवा आत येते. वीज गेली तरी हे चालू राहतं. पण ही व्यवस्था तीस-चाळीस वर्षांसाठीची, मधल्या मुक्कामाची आहे.

काच असण्या-नसण्यानं किती फरक पडतो?

१९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात एका बंद पडलेल्या दवाखान्यातून कर्करोगावरच्या उपचाराचं जुनं यंत्र भंगारासाठी चोरीला गेलं. त्यात सिझियम-१३७ होतं, पावडरच्या रूपात. अंधारात निळसर चमकणारी ती पावडर लोकांनी कौतुकानं घरी नेली, अंगाला लावली. चार जणांचा मृत्यू झाला, त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. २४९ जण दूषित झाल्याचं आढळलं आणि एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली.

तेच सिझियम-१३७ अणुकचऱ्यातही भरपूर असतं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं ते कचऱ्यातून वेगळं काढून त्याच्या काचेच्या कांड्या तयार केल्या. या कांड्या रक्तपेढ्यांमधल्या यंत्रांत वापरल्या जातात. काही नाजूक रुग्णांना रक्त देण्याआधी त्यावर किरणांचा मारा करावा लागतो, नाहीतर दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करू शकतात. हे काम कचऱ्यातलं सिझियम करतं. डोळ्याच्या कर्करोगावरच्या उपचारासाठी लागणारं रुथेनियम-१०६ हेसुद्धा असंच कचऱ्यातून मिळवलं जातं.

मूलद्रव्य एकच. पावडर असेल तर एक शहर हादरतं आणि काचेत बांधलं तर रक्तपेढीत कामाला येतं. कचरा किती आहे याइतकंच तो कोणत्या रूपात आहे, हेही महत्त्वाचं असतं.

मग शेवटचा मुक्काम कुठे?

काच केली, इंधन थंड केलं, पण शेवटी ते ठेवायचं कुठे? यावर जगभरातल्या बहुतेक शास्त्रज्ञांचं एकमत आहे: जमिनीखाली काहीशे मीटर खोल, कोट्यवधी वर्षं स्थिर असलेल्या खडकात.

याला निसर्गातलाच एक आधार आहे. आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात ओक्लो इथल्या युरेनियमच्या खाणीत १९७२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांना एक अजब गोष्ट सापडली. सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी तिथे जमिनीखाली आपोआप अणुविखंडन सुरू झालं होतं. म्हणजे ती एक नैसर्गिक अणुभट्टीच होती. त्यातून तयार झालेलं प्लुटोनियम आणि इतर अनेक पदार्थ एवढ्या काळात जागेवरून फारसे हललेच नव्हते. योग्य खडक किरणोत्सारी पदार्थांना धरून ठेवू शकतो, याचा हा पुरावा.

या कल्पनेला सगळ्यात आधी प्रत्यक्ष रूप दिलं ते फिनलंडनं. देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओल्किलुओटो बेटाखाली, ४०० मीटरहून जास्त खोल, ‘ओंकालो’ नावाचं बोगद्यांचं जाळं खोदलं आहे. तिथला खडक सुमारे १९० कोटी वर्षं जुना आहे.

इंधनाची विल्हेवाट लावण्याची पद्धत मूळ स्वीडनमध्ये विकसित झाली. वापरलेलं इंधन बिडाच्या साच्यात बसवतात. तो साचा ५ सेंटीमीटर जाड तांब्याच्या डब्यात घालून बंद करतात. हा डबा बोगद्याच्या तळाशी खोदलेल्या खड्ड्यात उतरवतात आणि भोवती बेंटोनाइट माती ठासून भरतात. ही माती पाणी लागताच फुगते आणि फटी बुजवते. सगळ्यात बाहेर तो खडक. एक अडथळा निकामी झाला तरी पुढचा उभा असतो.

ओंकालोत साडेसहा हजार टन इंधन मावेल. साधारण शंभर वर्षं भरत राहायचं आणि पुढच्या शतकात बोगदे बुजवून कायमचं बंद करायचं, अशी योजना आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये इंधनाशिवायच्या डब्यांवर संपूर्ण प्रक्रियेची चाचणी सुरू झाली.

फिनलंडला जमलं, इतरांना का नाही?

फिनलंडनं १९८३ मध्येच ठरवलं होतं की २००० पर्यंत जागा निवडायची आणि २०२० च्या सुमारास काम सुरू करायचं. वेळापत्रक चाळीस वर्षांत थोडंसंच घसरलं. खर्चासाठी अणुवीज कंपन्यांकडून आधीपासून पैसे घेऊन वेगळा निधी उभारला गेला. १९९४ मध्ये कायदा करून अणुकचरा देशाबाहेर पाठवायला आणि बाहेरचा आत आणायला बंदी घातली. ‘दुसरीकडे पाठवू’ हा पर्यायच उरला नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. गावाला नकाराधिकार होता. स्थानिक पालिका ‘नको’ म्हणाली असती तर सरकारला पुढे जाता आलं नसतं. युरायोकी पालिकेनं २००० मध्ये २० विरुद्ध ७ मतांनी होकार दिला. तिथे आधीच अणुऊर्जा केंद्र होतं, लोकांना त्याची सवय होती आणि करही मिळणार होता, हेही खरं.

अमेरिकेत नेमकं उलटं घडलं. १९८७ मध्ये तिथल्या संसदेनं नेवाडा राज्यातला युका पर्वत ही एकच जागा ठरवून टाकली. राज्याचा विरोध होता. अब्जावधी डॉलर खर्च झाले आणि ओबामा सरकारच्या काळात प्रकल्पाचा निधी थांबला. कायद्यानुसार १९९८ पासून सरकारनं इंधन ताब्यात घ्यायला हवं होतं. ते न घेतल्यामुळे सरकार वीज कंपन्यांना नुकसानभरपाई देत बसलं आहे.

जर्मनीनं १९६७ ते १९७८ या काळात असे इथल्या जुन्या मिठाच्या खाणीत सुमारे १ लाख २६ हजार पिंपं ठेवली. पुढे खाणीत रोज हजारो लिटर पाणी झिरपू लागलं. आता तीच पिंपं परत वर काढायचा कायदा जर्मनीला करावा लागला आहे.

न्यू मेक्सिकोत अमेरिकेच्या लष्करी कार्यक्रमातल्या कचऱ्यासाठी मिठाच्या थरात ६५० मीटर खोल केंद्र आहे. तिथे फेब्रुवारी २०१४ मध्ये एक पिंप फुटलं. कारण काय? ओल शोषण्यासाठी पिंपात मांजरांच्या शौचपेटीत घालतात तो पदार्थ वापरला जात असे. मातीपासून बनलेल्या प्रकाराऐवजी कुणीतरी धान्यापासून बनलेला प्रकार वापरला. त्याची आतल्या नायट्रेट क्षारांशी प्रक्रिया झाली. या एका चुकीपायी केंद्र जवळपास तीन वर्षं बंद राहिलं.

स्वीडनमध्ये प्रश्न वैज्ञानिक होता. तांब्याचा डबा खरंच लाख वर्षं टिकेल का, यावर तिथल्या काही संशोधकांनी शंका घेतली. २०१८ मध्ये पर्यावरण न्यायालयानंही ती शंका उचलून धरली. जास्तीचे पुरावे सादर झाल्यावर २०२२ मध्ये सरकारनं फॉर्समार्कच्या केंद्राला परवानगी दिली आणि जानेवारी २०२५ मध्ये काम सुरू झालं.

पुढच्या पिढ्यांना सांगायचं कसं?

समजा, कचरा नीट पुरला. पण दहा हजार वर्षांनी कुणी तिथे खोदलं तर? आपली कुठलीही भाषा तेव्हा असेलच असं नाही.

ही भीती काल्पनिक वाटत असेल तर मोडी लिपी आठवा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत महाराष्ट्रात रोजचे व्यवहार मोडीत होत होते. आज आजोबांच्या जमिनीचा जुना कागद वाचायचा तर मोडी जाणणारा माणूस शोधावा लागतो. हे शंभर वर्षांच्या आत झालं, आणि भाषा तर मराठीच होती.

अमेरिकेनं १९८० च्या दशकात यावर अभ्यासगट नेमला होता. भाषातज्ज्ञ थॉमस सिबिओक यांनी सुचवलं की दंतकथा आणि विधींमधून इशारा पिढ्यान्‌पिढ्या जपणारा एक ‘पुरोहितवर्ग’ तयार करावा. आणखी दोघा युरोपीय विचारवंतांनी तर किरणोत्सर्गाजवळ रंग बदलणाऱ्या मांजरी पैदा करण्याची कल्पना मांडली. यातलं काही प्रत्यक्षात आलं नाही. फिनलंडचा दृष्टिकोन वेगळा आहे: जागा अशी निवडायची की तिथे खोदण्यासारखं काही मौल्यवान नसेल आणि सगळे विसरले तरी ती सुरक्षित राहील.

भारताचं पुढे काय?

भारतात असं कायमस्वरूपी खोल केंद्र अजून नाही. १९८० च्या दशकात कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, एका बंद भागात सुमारे १,००० मीटर खोल, खडकावर उष्णतेचा काय परिणाम होतो याचे प्रयोग झाले होते. त्यात कचरा नव्हता, फक्त तापक यंत्रं होती. पण २०१२ मध्ये कुडनकुलमच्या खटल्यात कोलारचं नाव पुढे आलं आणि तिथे आंदोलन पेटलं. तिथे कचरा पुरण्याचा विचार नाही, असा खुलासा सरकारी यंत्रणेला करावा लागला. आपल्या गावाचं नाव कोर्टाच्या कागदातून कळणं, हे युरायोकीच्या अगदी उलट टोक.

सर्वोच्च न्यायालयानं ६ मे २०१३ च्या कुडनकुलम निकालात प्रकल्पाला हिरवा कंदील दाखवला, पण खोल भूगर्भीय केंद्र लवकरात लवकर उभारण्याची गरजही नोंदवली.

अणुऊर्जा विभागाची भूमिका अशी आहे की, पुनर्प्रक्रियेमुळे उच्च पातळीचा कचरा फार थोडा उरतो, त्यामुळे अशा केंद्राची तातडी नाही. तारापूरमध्ये २०१३ पासून कचऱ्यातले दीर्घायुषी घटक वेगळे काढण्याचं प्रात्यक्षिक केंद्रही चालू आहे. हे घटक वेगळे करून पुढे वेगवान भट्ट्यांमध्ये जाळता आले, तर उरलेल्या कचऱ्याचा धोका लाखो वर्षांऐवजी साधारण ३०० वर्षांवर येऊ शकतो.

यातला ‘जाळता आले तर’ हा भाग महत्त्वाचा आहे. तो अजून मोठ्या प्रमाणावर सिद्ध व्हायचा आहे. आणि सगळं जमलं तरी काही काचेचे डबे उरणारच. मधल्या मुक्कामाची तीस-चाळीस वर्षं कधी ना कधी संपणारच. जागा शोधणं, खडक तपासणं, लोकांशी बोलणं याला फिनलंडसारख्या छोट्या देशालाही चाळीस वर्षं लागली. १०० गिगावॅटचं उद्दिष्ट ठेवणाऱ्या देशाला ही सुरुवात उशिरा करून चालणार नाही.

सामान्य माणसानं काय लक्षात ठेवायचं?

आपला संबंध आण्विक कचऱ्याशी आलाच तर तो अणुभट्टीपेक्षा भंगारातून येण्याची शक्यता जास्त. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र लिलावात विकलं गेलं. त्यातल्या कोबाल्ट-६० मुळे अनेक जण आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला.

त्यामुळे तीन पाकळ्यांच्या पंख्यासारखं काळं-पिवळं चिन्ह असलेली जड धातूची वस्तू भंगारात किंवा रस्त्यावर दिसली तर ती उघडू नका, हात लावू नका, फोटो काढायलाही जवळ जाऊ नका. लांब व्हा, इतरांना लांब करा आणि पोलिसांना कळवा. पुढची कारवाई अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मदतीनं होते.

आणि आपल्या भागात अणुऊर्जा प्रकल्प येणार असेल, तर नोकऱ्या किती आणि वीज किती या प्रश्नांबरोबर आणखी तीन प्रश्न विचारता येतात. वापरलेलं इंधन किती वर्षं इथेच राहणार? त्यानंतर ते कुठे जाणार? आणि त्याचा खर्च कुणाच्या खिशातून होणार? फिनलंडमध्ये या तिन्हींची उत्तरं डबे जमिनीखाली जाण्याच्या कितीतरी आधी कागदावर होती.